दुपारी घरी कोण असतं?

१९९८च्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं क्लोमिप्रामीन हे औषध कुत्र्यांना द्यायला परवानगी दिली. माणसांच्या नैराश्यावर आणि मंत्रचळावर ते आधीपासून दिलं जात होतंच. कुत्र्यांच्या ज्या दुखण्यासाठी ते मान्य झालं, त्याला पशुवैद्य ‘सेपरेशन अँग्झायटी’ म्हणतात. घरातली माणसं बाहेर पडली की असा कुत्रा धापा टाकतो, लाळ गाळतो, घरभर मुततो, तासन्‌तास रडतो, समोर ठेवलेल्या खाण्याला तोंड लावत नाही. दुखणं विकोपाला गेलेलं असेल, तर दाराची चौकट कुरतडताना स्वतःचे दात आणि नखं मोडून घेतो. २००७मध्ये याच कामासाठी फ्लुओक्सेटिनलाही मान्यता मिळाली. आता कुत्रा काही काल-परवा माणसाच्या सोबतीला आलेला नाही. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथं १९१४ साली एक थडगं सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा आहे, आणि ते सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं आहे. काश्मीरमध्ये बुर्झहोमला नवाश्मयुगातल्या माणसांबरोबर पुरलेले कुत्रे सापडले आहेत. इतक्या जुन्या सोबत्याला एकटं राहता यावं म्हणून गोळी द्यायची वेळ विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी का यावी, हा प्रश्न पशुवैद्यकाचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे.

त्याची दोन उत्तरं लोक चटकन देतात. एक म्हणजे हे दुखणं पूर्वीही होतं, पण कुत्र्याचं रडणं कोण मनावर घेतो? दुसरं म्हणजे हल्लीच्या लोकांनी कुत्रे लाडावून ठेवलेत. पहिल्यात थोडं तथ्य आहे; दुसरं तपासून पाहिलं गेलं आणि टिकलं नाही, त्याकडे पुढे येऊ. मला वाटतं, खरं उत्तर घराच्या इतिहासात आहे. माणसाला जीव लावण्याचा कुत्र्याचा स्वभाव जुना आहे; दिवसाचे आठ-दहा तास कुलूप लावलेलं, आत एकही माणूस नसलेलं घर मात्र नवं आहे. आणि नवी आहे ती आणखी एक गोष्ट: कुत्रा एकाच माणसाचा किंवा एकाच कुटुंबाचा, आणि तोही मरेपर्यंत, ही समजूत. गेल्या पावणेदोनशे-दोनशे वर्षांत या दोन्ही गोष्टी एकामागून एक आल्या आणि त्यांच्या कात्रीत आजचा कुत्रेवाला सापडला. कुत्रा एकटा राहू शकत नाही, आणि त्याला माणसांनी भरलेल्या दुसऱ्या घरी द्यावं म्हटलं तर तो विश्वासघात ठरतो. इतिहास पाहिला तर असं देणं परंपरेच्या विरोधात जात नाही, उलट तिच्या बरंच जवळ जातं.

सुरुवात मुंबईपासून करता येते. ६ जून १८३२ रोजी मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली. उन्हाळ्यात पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती म्हणून सरकार ठरावीक मुदतीत मोकाट कुत्रे मारत असे. त्या वर्षी ती मुदत वाढवली गेली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत, त्यामुळे शिपाई उत्साहानं कामाला लागले आणि घरांच्या दारातले कुत्रेही ओढून नेऊ लागले, अशी तक्रार होती. पारशी धर्मात कुत्र्याचं स्थान मोठं. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा सगदीद हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग आहे. पारश्यांनी शिपायांवर हात टाकला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, किल्ल्यातल्या गोऱ्यांचा पाव आणि पाणी अडलं, आणि या बंदात हिंदू, जैन व्यापारीही उतरले. शेवटी लष्कर आणावं लागलं. दंगलीची धार्मिक बाजू नेहमी सांगितली जाते. मला तिच्यातला मालकीचा वाद अधिक महत्त्वाचा वाटतो. सरकारच्या लेखी हे कुत्रे बेवारशी होते, कारण कोणी एक माणूस त्यांच्यावर हक्क सांगायला पुढे येत नव्हता. शहराच्या लेखी मात्र ते आळीचे, पेढीच्या दारातले, अमक्या विहिरीजवळचे कुत्रे होते. त्यांना खाऊ घालणारे हात दहा होते, मालक एकही नव्हता. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेदजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं मुंबईचं पांजरापोळ उभं राहिलं. एका माणसाचा नसलेला प्राणी साऱ्या समाजानं सांभाळायचा, या जुन्या रिवाजालाच त्यातून इमारत आणि वर्गणी मिळाली.

मुंबईबाहेरच्या मराठी मुलखात कुत्रा घरात फारसा येत नसे, हे आधीच मान्य करायला हवं. सोवळ्याच्या घरात तर उंबरठ्याच्या आत त्याला मज्जाव होता. पण ओटा, पडवी, अंगण, गोठा, खळं ही त्याचीच जागा, आणि या जागा कधी ओस नसत. घरात म्हातारी माणसं, बाळंतीण, पोरं, गडी यांपैकी कोणी ना कोणी असायचंच. नाही तर शेजारच्या ओट्यावर असायचं. धनगरांच्या कुत्र्याचा तर सारा जन्म कळपात आणि माणसांत जातो. रात्री लांडग्यापासून मेंढरं राखायची आणि दिवसा त्यांच्याबरोबर चालायचं, यात एकटं पडायला जागाच नाही. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण भक्तीची म्हणून सांगतो, पण त्या गोष्टीत कुत्रा कोणाचा हे कोणी विचारत नाही आणि विचारावंसं वाटतही नाही. आजही जगातल्या बहुसंख्य कुत्र्यांचं जिणं असंच आहे: वस्तीच्या आधारानं, पण कोणाच्या नावावर नाही. त्यांना भूक आहे, खरूज आहे, मोटारीखाली मरण आहे. बंद दाराआड एकटं पडणं मात्र त्यांच्या वाट्याला येत नाही.

युरोपात श्रीमंतांचा कुत्रा घरात शिरला होता, तरी एकटेपण त्याच्याही वाट्याला आलं नव्हतं. एलिझाबेथ बॅरेट या इंग्रज कवयित्रीचा फ्लश हा कॉकर स्पॅनियल याचं चांगलं उदाहरण. व्हर्जिनिया वुल्फनं १९३३ साली त्याचंच चरित्र लिहिलं, म्हणून तो प्रसिद्ध. फ्लश मुळात लेखिका मेरी रसेल मिटफर्डच्या खेड्यातल्या घरचा. १८४० साली एलिझाबेथचा भाऊ बुडून गेला, ती आधीच आजारी होती, तेव्हा मिटफर्डनं तिला सोबत म्हणून हा कुत्रा पाठवून दिला. म्हणजे साहित्याच्या इतिहासातला हा नावाजलेला कुत्रा दुसऱ्या घरी दिलेला होता, आणि त्या देण्याला त्या काळी कोणी नावं ठेवली नाहीत. मैत्रीतली ती मोठी भेट मानली गेली. लंडनमधल्या विंपोल स्ट्रीटवरच्या आपल्या घरात एलिझाबेथ खोलीबाहेर क्वचितच पडे, त्यामुळे फ्लशला दिवसभर माणूस मिळालं. पुढे ती रॉबर्ट ब्राउनिंगबरोबर इटलीला गेली, तेव्हा फ्लशही गेला आणि फ्लॉरेन्सच्या रस्त्यांवर मोकळा हिंडू लागला. 

कुत्र्याचं जग आक्रसलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि ते प्रथम ब्रिटनमध्ये. तिथं कुत्र्यांवरचा कर १७९६पासून होता. १८६७ साली त्याच्या जागी पाच शिलिंगांचा परवाना आला. त्याच वर्षीच्या एका कायद्यानं लंडनच्या पोलिसांना मोकाट कुत्रे पकडायचा अधिकार दिला. मेरी टिअल्बी या बाईनं १८६० साली हॉलोवे इथं हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी ‘तात्पुरतं घर’ काढलं होतं, त्याची वृत्तपत्रांनी यथेच्छ टिंगल केली होती. १८७१ साली ते बॅटरसीला हललं आणि पोलिसांनी पकडलेल्या कुत्र्यांचा ओघ तिकडे लागला. मालक आला तर कुत्रा परत जायचा, नवा मालक मिळाला तर विकला जायचा, दोन्ही नाही झालं तर मारला जायचा. रेबीजच्या धास्तीनं मुसकं बांधण्याचे हुकूम निघाले, आणि १९०२ साली ब्रिटन पहिल्यांदा रेबीजमुक्त झालं. सार्वजनिक आरोग्याचं हे यश फार मोठं आहे, आणि ज्या देशात रेबीजनं आजही माणसं मरतात तिथं राहून त्याला कमी लेखणं शोभणार नाही. पण त्याची किंमत कुत्र्यानंही मोजली. आता त्याला दोनच अवस्था उरल्या: कोणाच्या तरी नावावर असणं किंवा नसणं. मधली जागा, दहा हातांची, संपली. मोठ्या शहरांतून सुरू झालेली ही व्यवस्था हळूहळू जगभर पसरली आणि चांगल्या कुत्र्याची व्याख्याच घरातला, पट्ट्यातला, एका मालकाचा अशी झाली.

या व्यवस्थेला शोभणाऱ्या कथाही त्याच काळात आल्या. चित्रकार लँडसीअरनं १८३७ साली काढलेल्या चित्रात म्हाताऱ्या मेंढपाळाच्या शवपेटीवर कुत्रा हनुवटी टेकून बसला आहे. चित्रात दुसरं कोणी नाही. एडिनबरोतला ग्रेफ्रायर्स बॉबी मालकाच्या थडग्यापाशी चौदा वर्षं, १८७२पर्यंत राहिला म्हणतात. रायगडावरच्या वाघ्याचा समकालीन साधनांत पत्ता नाही, तरी राम गणेश गडकऱ्यांनी ‘राजसंन्यास’ त्याला अर्पण केलं. टोकियोचा हाचिको तर साऱ्या जगाला ठाऊक आहे. या सगळ्यांचा इत्यर्थ एकच काढला जातो: खरा कुत्रा एकाचा, दुसऱ्याकडे तो जगूच शकत नाही. पण हकिगती जरा निगुतीनं पाहिल्या तर वेगळंच दिसतं. बॉबीला ग्रेफ्रायर्सच्या परिसरात कोणी उपाशी ठेवलं नव्हतं. दफनभूमीचा राखणदार त्याला सांभाळत होता, जवळचा खाणावळवाला दुपारच्या तोफेबरोबर जेवण देत होता, आणि १८६७चा परवाना आला तेव्हा शहराचे लॉर्ड प्रोव्होस्ट विल्यम चेंबर्स यांनी त्याचे पैसे भरले. बॉबीचं नाव असलेला पट्टा आजही तिथल्या संग्रहालयात आहे. जान बाँडसन या अभ्यासकानं २०११ साली तर असं मांडलं की तो दफनभूमीत राहणारा भटका कुत्रा होता आणि एका बॉबीनंतर दुसरा बॉबी आला असावा. म्हणजे निष्ठेचं प्रतीक म्हणून ज्याचा पुतळा उभा आहे तो मुळात साऱ्या आळीचा कुत्रा होता, १८३२च्या मुंबईतल्या कुत्र्यांसारखा. हाचिकोची गोष्ट मात्र इतकी सहज सुटत नाही. तिच्याशी नंतर भिडावं लागेल.

कुत्रा एका घराचा झाला, तरी घर रिकामं व्हायला आणखी वेळ लागला. मुंबईच्या चाळीत खोलीत माणसं मावत नसत, गिरणीच्या पाळ्यांमुळे कोणी ना कोणी झोपलेलं असे, आणि सामाईक गॅलरीमुळे दारं दिवसभर उघडी असत. मध्यमवर्गीयांच्या फ्लॅटमध्येही आजी-आजोबा होते, शाळेतून दुपारी परतणारी मुलं होती, घरी राहणारी आई होती. या व्यवस्थेत बायकांच्या वाट्याला काय आलं हे आपल्याला माहीत आहे, तिच्याकडे परत जा असं सुचवण्याचा माझा हेतू नाही. दुपारी घरात माणूस असण्याची किंमत कोणी मोजली आणि ते माणूस बाहेर पडल्यावर कुत्र्याचं काय झालं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दोघं नोकरीला, मूल पाळणाघरात, दाराला स्वयंचलित कुलूप आणि आत लॅब्रॅडॉर: हे चित्र अमेरिकेत आधी उभं राहिलं, पुणे-बंगळुरूत नंतर. २०२०च्या टाळेबंदीत अनेक शहरांत पिल्लं घरी आली, त्यांनी माणसं दिवसभर घरी असलेलंच जग पाहिलं, आणि मग एका सोमवारी कचेऱ्या उघडल्या.

शास्त्रज्ञांच्या नोंदी या बदलाच्या मागोमाग चालतात. १९६५ साली स्कॉट आणि फुलर यांनी बार हार्बरच्या प्रयोगशाळेतल्या वीस वर्षांच्या कामावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात पिल्लांना एकटं, विशेषतः अनोळखी जागी ठेवलं की ती किती केकाटतात, याच्या पद्धतशीर नोंदी आहेत. म्हणजे एकटेपणाचा त्रास कुत्र्याच्या जातीतच आहे, तो लाडानं पैदा होत नाही. १९८२ साली बोर्खेल्ट आणि व्हॉइथ यांनी मोठ्या कुत्र्यांच्या या दुखण्याचं निदान आणि उपचार यांवर लिहिलं, तेव्हा दवाखान्यांत त्याची रीतसर ओळख झाली. १९९८ साली बुडापेस्टच्या टोपाल आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांचं आईशी असलेलं नातं तपासायची चाचणी ५१ कुत्र्यांवर करून पाहिली, आणि मालकाबद्दलची त्यांची वागणूक मुलांच्या वागणुकीशी जुळती निघाली. माझ्या युक्तिवादाला सर्वांत उपयोगी आहे तो फ्लॅनिगन आणि डॉडमन यांचा २००१चा अभ्यास. त्यांनी हे दुखणं असलेल्या २०० आणि नसलेल्या २०० कुत्र्यांची तुलना केली. लाड करण्याचा दुखण्याशी संबंध दिसला नाही. घरात दुसरा प्राणी आहे की नाही यानंही फरक पडत नव्हता, हे ‘सोबतीला आणखी एक कुत्रा आणा’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. फरक पडत होता तो माणसांच्या संख्येनं: एकच प्रौढ माणूस असलेल्या घरातल्या कुत्र्यांना हे दुखणं असण्याची शक्यता अनेक माणसांच्या घरातल्यांपेक्षा सुमारे अडीच पट होती. एका माणसावर सारा जीव असतो म्हणून असं होत असेल, किंवा एकट्याचं घर जास्त वेळ रिकामं राहतं म्हणून. दोन्ही कारणं असतील. कोणतंही घेतलं तरी बोट त्याच दोन नव्या गोष्टींकडे जातं.

देण्याघेण्याचा इतिहासही पाहायला हवा. इंग्लंडमधल्या शिकारी कळपांची पिल्लं दोन-एक महिन्यांची झाली की आसपासच्या शेतकऱ्यांकडे वाढायला पाठवायची, आणि मोठी झाली की परत आणायची, हा रिवाज फार जुना. मुधोळच्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी आपल्या भागातल्या शिकारी कुत्र्यांची जोडी पंचम जॉर्जला नजर केली आणि त्या जातीला मुधोळचं नाव मिळालं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२पासून, अमेरिकेतल्या हजारो कुटुंबांनी घरचे कुत्रे लष्कराला दिले. युद्ध संपल्यावर त्यांना पुन्हा घरगुती वळण लावून कित्येकांना मूळ घरी पोचवण्यात आलं. आंधळ्यांच्या वाटाड्या कुत्र्यांची पहिली शाळा १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्गला निघाली, युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी. अमेरिकेची ‘सीइंग आय’ १९२९ची. या कुत्र्यांच्या आयुष्याचा नकाशा पाहण्यासारखा आहे. पिल्लू वर्षभर एका कुटुंबात वाढतं, मग प्रशिक्षकाकडे जातं, मग ज्याला वाट दाखवायची त्याच्याकडे, आणि म्हातारपणी बहुधा चौथ्या घरी. म्हणजे जगातले सर्वांत विश्वासू मानले जाणारे कुत्रे तीन वेळा घर बदलतात. हे बदल त्यांना मोडतात का, हे इटलीतल्या संशोधकांनी २००६च्या एका अभ्यासात तपासलं आणि आधीची नाती तुटूनही ते आंधळ्या मालकाशी जिव्हाळ्याचं नातं जोडतात असं आढळलं. बुडापेस्टमध्येच गाची आणि सहकाऱ्यांनी २००१ साली आश्रयगृहातल्या कुत्र्यांवर प्रयोग केला. दहा-दहा मिनिटांच्या तीन भेटींत ते नव्या माणसाला आपलं मानू लागल्याची लक्षणं दाखवत होते.

हाचिकोचा आक्षेप इथं येतोच. हाचिकोचे मालक प्राध्यापक उएनो १९२५ साली गेले, आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं, १९३५पर्यंत, हा कुत्रा शिबुया स्टेशनवर येत राहिला. नवं घर मिळाल्यानं जुनं माणूस विसरतं असं मी म्हटलं, तर हाचिको मला खोटं ठरवील. पण मी तसं म्हणत नाही. हाचिकोलाही उएनोंच्या पश्चात दुसऱ्या घरी दिलं होतं, एकदा नाही, अनेकदा. शिबुयापासून लांबच्या घरांत तो रमला नाही. अखेर तो उएनोंच्या जुन्या माळ्याकडे राहिला, स्टेशनच्या जवळ, ओळखीच्या माणसांत. तो खाऊनपिऊन, हिंडतफिरत, रोज स्टेशनवर जाऊन परत येत जगला. आठवण आणि नवं घर एकत्र नांदू शकतात, आणि ओळखीच्या माणसाचं, ओळखीच्या रस्त्यावरचं घर लांबच्या घरापेक्षा बरं, एवढं त्यातून निघतं. विरह सोसणं आणि भीतीनं दार फाडणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत; हाचिकोची होती ती पहिली.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे: हे दुखणं बरं करता येतं, मग द्यायचं कशाला? खरंच आहे, आधी उपचारच करावेत. औषध आहे, आणि काही सेकंदांपासून सुरुवात करून बाहेर राहण्याचा वेळ थोडाथोडा वाढवत नेण्याची पद्धत आहे. पण या पद्धतीची अट अशी, की सराव चालू असेपर्यंत, म्हणजे महिनोन्‌महिने, कुत्र्याला त्याच्या सोसण्यापलीकडे एकटं ठेवायचंच नाही. ज्या घरात दुपारी कोणी थांबू शकलं असतं, त्या घरात दुखणं मुळात इतकं वाढलं नसतं. काही जण घरून काम करून, नातेवाइकांना बोलावून, पैसे खर्चून हे जमवतात. त्यांचं कौतुक आहे. ज्यांना जमत नाही त्यांच्या घरात उपचार चालतो आणि रोज सकाळी नऊला त्यावर पाणी पडतं. दुसऱ्या घरी दिलं की दुखणं बळावतं, हे म्हणणंही इथंच तपासावं लागतं. नवं घरही दिवसभर रिकामं असेल तर ते बळावणारच, आणि मग कुत्रा परत येतो.

तिसरा आक्षेप आपल्याकडे सर्वांत जड. युधिष्ठिरानं स्वर्ग नाकारला, पण कुत्रा सोडला नाही. महाभारत जनमेजयाच्या भावांनी विनाकारण झोडपलेल्या, सरमा या कुत्रीच्या पिल्लापासून सुरू होतं आणि शेवटाकडे पुन्हा कुत्र्यापाशी येतं, त्यामुळे हा प्रसंग सहज आलेला नाही. पण त्यातला वाद नीट वाचावा. इंद्र म्हणतो, भाऊ आणि द्रौपदी वाटेत सोडलेस, मग कुत्र्याचा एवढा आग्रह का? युधिष्ठिराचं उत्तर असं की ती मेल्यावर मी पुढे आलो, जिवंतपणी टाकलं नाही. हा मात्र जिवंत आहे आणि माझ्या आधारानं आला आहे. इंद्र रथ देत होता, कुत्र्यासाठी दुसरं घर देत नव्हता. त्या निर्मनुष्य पर्वतावर त्याला सोडणं म्हणजे मरायला टाकणं होतं. आपला १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही याच रेषेवर उभा आहे: पुरेसं कारण नसताना, भुकेनं किंवा तहानेनं हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं हा कलम ११नुसार गुन्हा आहे. खंडाळ्याच्या घाटात गाडीचं दार उघडून कुत्रा उतरवणारे आणि त्याच्यासाठी सहा महिने घर शोधणारे यांना एकाच तराजूत घालण्याची खोड अलीकडची आहे, आणि ती अन्यायाची आहे.

असा कुत्रा द्यायचा झाला तर घर कोणतं, हा प्रश्न मग वेगळ्या तऱ्हेनं विचारावा लागतो. दत्तक देणाऱ्यांच्या बहुतेक अर्जांत जागा स्वतःची की भाड्याची, खोल्या किती, गच्ची आहे का, उत्पन्न काय, असे रकाने असतात. या प्रश्नांचा उपयोग आहे, पण ते मालकाच्या ऐपतीचे प्रश्न आहेत, परवान्याच्या काळातले. या कुत्र्यासाठी पहिला रकाना दिवसाच्या चोवीस तासांचा हवा. माळ्यावर राहून खाली दुकान चालवणारा शिंपी, पोळीभाजी केंद्र चालवणारी बाई, निवृत्त जोडपं, गोठा असलेलं शेतकऱ्याचं चार पिढ्यांचं घर ही माणसं अशा अर्जांत मागे पडतात, आणि या दुखण्यावरचा जुना उपाय त्यांच्याकडेच आहे. नव्या माणसानं आधी जुन्या घरी चार-दोनदा येऊन बसावं; चालू असलेली गोळी घर बदलण्याच्या आठवड्यात बंद करू नये. आणि दुखणं लपवू नये. ‘थोडा खेळकर आहे’ एवढंच सांगून दिलेला कुत्रा तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या तक्रारीसह परत येतो, आणि त्याच्या नावावर आणखी एक तुटलेलं घर लागतं. डॉक्टरांची चिठ्ठी, आतापर्यंत तो सलग किती मिनिटं एकटा राहू शकला याचा आकडा आणि कुरतडलेल्या दाराचा फोटो हे सगळं पट्ट्याबरोबरच हातात द्यावं.